क्वीनची गाणी घरच्या मंडळींना ऐकवायची असतील तर

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या शनिवारी ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या सभागृहात मी क्वीन या ब्रिटिश रॉक बँडची गाणी ऐकण्यासाठी एक बैठक ठेवली आणि ती सपशेल फसली. सतरंजीवर चौदा माणसे होती. त्यांतली नऊ साठीच्या पुढची, नाट्यसंगीतावर आणि भावगीतांवर कान तयार झालेली. उरलेली कॉलेजात जाणारी. मी अकरा गाणी निवडली होती, प्रत्येक गाण्याआधी पाच-सात मिनिटे बोललो, सुरुवात 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ने केली आणि चौथ्या गाण्यात, ऐन चढावर, मोबाइलवरून थेट वाजणाऱ्या चित्रफितीत गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात सुरू झाली. त्या संध्याकाळी सगळ्यांनी एकाग्रतेने ऐकलेली ती एकमेव गोष्ट. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी "चहा आत्ताच टाकू का रे?" असे विचारले, तेव्हा बैठक संपल्याचे माझ्या लक्षात आले.

महिन्याभराने दुसरी बैठक घेतली आणि ती जमली. पुढे जे लिहीत आहे ते त्या दोन संध्याकाळींमधल्या फरकातून आलेले आहे. ज्यांना आपल्या आईवडिलांना, सासूसासऱ्यांना किंवा शेजाऱ्यांना रॉक संगीतातले मन भरून आणणारे, उभारी देणारे क्षण ऐकवावेसे वाटतात, पण 'हा नुसता गोंगाट आहे' या पहिल्या वाक्यापाशीच ज्यांचे अडते, त्यांच्यासाठी हे लेखन आहे.

नेमके काय शोधायचे

आवाज सर्वांत मोठा होतो तोच उभारीचा क्षण, अशी अनेकांची समजूत असते आणि पहिल्या बैठकीपर्यंत माझीही होती. ख्यालात समेचा आनंद सम किती जोरात आली यावर अवलंबून नसतो; त्याआधीच्या आवर्तनात गायकाने आपल्याला कुठे कुठे फिरवून आणले यावर असतो. क्वीनच्या गाण्यांत मला याशिवाय आणखी एक गोष्ट वारंवार आढळली आणि दुसऱ्या वेळची सगळी निवड मी तिच्यावरच बेतली. ज्या ठिकाणी अंगावर काटा येतो, त्या ठिकाणी बहुधा बँडमधल्या कोणीतरी जाणूनबुजून जागा रिकामी सोडलेली असते. कधी ती एक मात्रा असते, कधी एक ओळ, कधी अख्खे कडवे. आणि ती जागा ऐकणारा माणूस भरून काढतो. म्हणून गाणी निवडताना कागद-पेन घेऊन बसावे आणि 'इथे मला गावेसे वाटले', 'इथे हात आपोआप हलला' अशा जागा मिनिट-सेकंदांसह टिपून ठेवाव्यात. ज्या गाण्यासमोर काहीच लिहिले जाणार नाही, ते कितीही गाजलेले असले तरी वगळावे. माझ्या यादीतून 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' याच कसोटीवर गेले. ते थोर गाणे आहे, परंतु नवख्या माणसाला ते ऐकताना आपण कुठे बसावे हेच कळत नाही.

सहा-सात गाणी पुरतात. सव्वा तासापेक्षा जास्त वेळ घेऊ नये.

ओळख किती करून द्यावी

थोडी, आणि तीही आपल्या मातीत रुजणारी. बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचे मूळ नाव फरोख बल्सारा. तो ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये एका पारशी कुटुंबात जन्मला, शिकायला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहिला, तिथेच शाळासोबत्यांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा आपला पहिला बँड काढला आणि १९६४ मध्ये कुटुंबासह इंग्लंडला गेला. क्वीनची स्थापना १९७० ची. एवढे सांगून थांबावे. 'पाचगणी' हा शब्द उच्चारल्याबरोबर आमच्याकडे तीन जण सरसावून बसले, कारण तिघांचीही तिथे शाळेची सहल गेली होती. पहिल्या बैठकीत मी हीच माहिती तिसऱ्या गाण्यानंतर, चौदा सनावळ्यांच्या गर्दीत सांगितली होती आणि ती कोणाच्या कानापर्यंत पोहोचलीच नव्हती.

एक गोष्ट मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे, आणि ती म्हणजे गिटारवादक ब्रायन मे याच्या गिटारची. १९६३ मध्ये, शाळकरी वयात, त्याने आणि त्याच्या वडिलांनी ती घरी बनवायला घेतली, कारण विकतची परवडण्यासारखी नव्हती. गिटारची मान त्यांनी एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून कोरली, मानेवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे घासून बसवली, सूर कंपवण्याची दांडी पोलादी पात्याच्या धारेवर तोलली आणि तिला ताण देण्यासाठी जुन्या मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा वापरल्या. त्या दांडीच्या टोकाला विणकामाच्या सुईचे बोंड आहे. ही गिटार तो पुढे आयुष्यभर वाजवत आला, आणि तारा छेडायलाही प्लास्टिकच्या पट्टीऐवजी सहा पेन्सचे नाणे वापरत आला. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षे काढलेले आमचे एक काका पहिल्या बैठकीत पेंगत होते. दुसऱ्या वेळी ही हकीकत ऐकून त्यांनी गिटारचे छायाचित्र मोबाइलवर मागून घेतले, दोन बोटांनी मोठे केले आणि विचारले, "त्या पात्याला पाणी कोणी दिलं? बापानं का?" त्यानंतर गिटार वाजायला लागली की ते मान वर करून ऐकत होते. गोंगाटामागे घरातल्या फडताळातल्या वस्तू आहेत हे कळले की गोंगाट वेगळा ऐकू येतो.

सभागृह, आवाज आणि पाट

एकाच डबीतून आवाज काढणारा छोटा स्पीकर टाळावा. दोन वेगळे स्पीकर एकमेकांपासून सात-आठ फुटांवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवावेत, कारण या बँडची आवाजांवर आवाज चढवण्याची सारी करामत डाव्या-उजव्या कानांत वाटलेली असते. गाणी आणि चित्रफिती आधीच उतरवून घ्याव्यात. जाहिरातीचा अनुभव मी वर सांगितलाच आहे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला कायद्याने मनाई आहे, शिवाय वरच्या मजल्यावर लहान मूल असतेच, तेव्हा साडेसातला सुरू करून पावणेनऊला संपवावे. पंख्याच्या बटणापाशी एका कॉलेजकुमाराला बसवावे. ठाण्यात ऑक्टोबरमध्ये पंखा बंद करणे हा गुन्हाच आहे, पण दोन गाण्यांना तो तीन-तीन मिनिटे करावा लागतो.

आणि घरोघरीचे लाकडी पाट गोळा करून आणावेत. कशासाठी, ते पुढे येईल.

पहिले गाणे: मंडळींना कामाला लावणारे

'वी विल रॉक यू'ने सुरुवात करावी, परंतु लगेच ध्वनिमुद्रण लावू नये. आधी ठेका सांगावा: पाय, पाय, टाळी आणि मग एक मात्रा रिकामी. एवढेच. १९७७ मध्ये स्टॅफर्डच्या बिंगली हॉलमध्ये क्वीनचा कार्यक्रम संपला, बँड रंगमंचावरून गेला, आणि श्रोते घरी जाण्याऐवजी बँडसाठी एक समूहगीत गाऊ लागले. त्या अनुभवाने भारावलेल्या ब्रायन मेला प्रश्न पडला की, दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसांना एकत्र काय करता येईल? पाय आपटता येतील, टाळी वाजवता येईल, गाता येईल. त्या उत्तरातून हे गाणे जन्मले. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत, जी इमारत पूर्वी चर्च होती, तिथे पडलेल्या जुन्या फळ्यांवर पाय आपटून त्यांनी हा ठेका पुन्हापुन्हा ध्वनिमुद्रित केला. भौतिकशास्त्र शिकलेल्या मेने त्या थरांमध्ये इतक्या नेमक्या अंतराचे विलंब ठेवले की प्रतिध्वनी न घुमता मोठ्या जमावाचा भास व्हावा. जवळजवळ संपूर्ण गाण्यात ड्रम नाही, बास गिटार नाही. माणसांचे हातपाय आणि आवाज आहेत, आणि गिटार अगदी शेवटी येते.

आमच्या सभागृहात चपला दाराबाहेर काढलेल्या असल्यामुळे फरशीवर अनवाणी पायांचा आवाजच होईना. म्हणून पाट. तळमजला असल्याने खाली कोणाची झोपमोड होण्याचा प्रश्न नव्हता. खुर्चीत बसूनच पायाखाली पाट घ्यावा आणि टाच आपटावी. गुडघ्यांना त्रास होत नाही. पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळे विस्कळीत असतात, आणि नेमकी चूक कुठे होते तर रिकाम्या मात्रेत: कोणी ना कोणी तिथे टाळी वाजवतोच. निवृत्त शिक्षिका असलेल्या आमच्या एका मावशींनी तिसऱ्या खेपेला हात वर करून सर्वांना थांबवले आणि म्हणाल्या, "अहो, लेझीम शिकवताना मी मुलींना हेच सांगायचे, हात थांबला तरी मोजणी थांबवायची नाही." त्यांनी स्वतः मोजून दिले आणि पुढच्या वेळी चौदा जणांची शांतता एकदम पडली. ती शांतता पक्की झाल्यावरच मूळ गाणे लावावे. साठीतली माणसे आता ते ऐकत नाहीत, त्यात सामील असतात.

मधली दोन

'यू आर माय बेस्ट फ्रेंड' हे बास गिटार वाजवणाऱ्या, मितभाषी जॉन डीकनने आपल्या पत्नीसाठी लिहिलेले छोटे, गोड गाणे आहे. त्यातला इलेक्ट्रिक पियानो मर्क्युरीला आवडत नव्हता, म्हणून डीकनने तो स्वतः वाजवला. दमलेल्या पायांना विश्रांती म्हणून लावावे, जास्त काही सांगू नये. दीर्घ संसार झालेली जोडपी समोर असतील तर नजरा इकडेतिकडे होतातच.

'समबडी टू लव्ह' मात्र दोनदा लावण्याच्या तयारीने बसावे. १९७६ चे हे गाणे सहा मात्रांच्या झुलत्या चालीत आहे, आपल्या दादऱ्याच्या जवळचे, त्यामुळे मांडीवर ठेका धरायला कोणालाही शिकवावे लागत नाही. ऐकताना एखादे मोठे चर्चमधले वृंदगायन चालले आहे असे वाटते. प्रत्यक्षात मर्क्युरी, मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर या तिघांनीच आपापले आवाज थरावर थर चढवून तो वृंद उभा केला आहे. पहिल्यांदा हे न सांगता गाणे लावावे आणि 'किती माणसे गात असतील?' असे विचारावे. आमच्याकडे चाळीसपासून शंभरपर्यंत अंदाज आले. उत्तर सांगितल्यावर दुसऱ्यांदा लावावे आणि उत्तरार्धातल्या एका जागेकडे लक्ष वेधावे: वाद्ये जवळपास थांबतात, एकच ओळ खालच्या पट्टीत, जवळजवळ पुटपुटल्यासारखी सुरू होते, टाळ्या येतात, प्रत्येक आवर्तनाला एक-एक आवाज वाढत जातो, आणि त्या सगळ्या पायऱ्या चढून झाल्यावर मूळ गायक वर निघतो. प्रेम मिळत नाही अशी तक्रार करणारे, देवालाही जाब विचारणारे हे गाणे आहे; तरी त्या चढणीनंतर ऐकणाऱ्याला एकटे वाटत नाही. भजनात टाळकऱ्यांनी ध्रुवपद उचलून धरल्यावर बुवांच्या आवाजाला जे बळ येते, ते इथे तीन माणसांनी बंद खोलीत बसून तयार केले आहे. मला या बँडच्या साऱ्या कारकिर्दीत ही जागा सर्वांत प्रिय आहे, आणि तिच्यावर मी गरजेपेक्षा जास्त बोलतो असे घरचे म्हणतात.

गायक गप्प बसतो ते गाणे

इथे पंखा बंद करावा. 'लव्ह ऑफ माय लाइफ' मूळ १९७५ च्या अल्बमवर पियानो आणि हार्पच्या साथीने आहे, परंतु ते ऐकवू नये; प्रत्यक्ष कार्यक्रमातले ऐकवावे. रंगमंचावर ब्रायन मे बारा तारांची गिटार घेऊन बसतो, शेजारी मर्क्युरी, दुसरे कोणी नाही. जानेवारी १९८५ मध्ये ब्राझीलच्या 'रॉक इन रिओ' महोत्सवात पोर्तुगीज बोलणाऱ्या अफाट जनसमुदायाने हे इंग्रजी गाणे त्यांच्यासमोर गाऊन दाखवले, आणि मर्क्युरीने ओळी सोडून देऊन ते ऐकले. चित्रफीत असेल तर पडद्यावर दाखवावी आणि तो गात नसताना त्याच्याकडे पाहायला सांगावे. आपल्याकडे मैफलीत वाद्यवृंद थांबवून श्रोत्यांना ओळ पुरी करू देण्याची रीत आहे; दिवाळी पहाटेला तलावपाळीच्या गर्दीत उभे राहिलेल्यांना, ओळखीचे गाणे लागल्यावर शेजारचा अनोळखी माणूस आपल्याच सुरात कसा येतो हे निराळे सांगावे लागत नाही. या गाण्याच्या वेळी सूत्रसंचालकाने एक शब्दही बोलू नये. पहिल्या बैठकीत मी त्यावर भाषांतर सांगत होतो. आजही ते आठवले की कानकोंडे व्हायला होते.

झीलकरी बहात्तर हजार

१३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये 'लाइव्ह एड' हा निधी उभारण्यासाठीचा संगीत-कार्यक्रम झाला. क्वीनला सुमारे वीस मिनिटे मिळाली होती, सहा गाणी बसवून आली होती, आणि लंडनचा उन्हाळा असल्यामुळे लख्ख उजेड होता. दिव्यांची रोषणाई मदतीला नव्हती. समोर सुमारे बहात्तर हजार माणसे, आणि ती काही केवळ क्वीनसाठी आलेली नव्हती. टेलरने लिहिलेल्या 'रेडिओ गा गा'त डोक्यावर हात नेऊन दोन टाळ्या देण्याची जागा येते. ती सगळ्या मैदानाने एकाच वेळी दिली. त्यानंतर मर्क्युरी एकटा माईकची अर्धी दांडी घेऊन उभा राहिला आणि त्याने नुसत्या 'ए-ओ' अशा स्वरांची फेक केली. मैदानाने ती परत केली. त्याने लांबवली, मैदानाने लांबवली; त्याने हरकत घेतली, मैदानाने जमेल तशी घेतली.

हे समजावताना पोवाड्याची आठवण करून द्यावी. शाहीर ओळ टाकतो आणि झीलकरी 'जी जी रं जी' करून ती उचलतात. झीलकऱ्यांवाचून पोवाडा उभा राहत नाही. इथे झीलकरी तिकीट काढून आलेले होते, एवढाच फरक. मग ध्वनिमुद्रण थांबवून सभागृहातल्या एखाद्याला मर्क्युरीच्या जागी उभे करावे. आमच्याकडे त्यासाठी बारावीतली एक मुलगी उठली, आणि तिच्या आजीने तिला परत केलेला सूर नातीच्या सुराहून खणखणीत निघाला, कारण आजी एके काळी हौशी संगीत नाटकांत गात असत. जी तरुण मंडळी जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्ले या बँडच्या कार्यक्रमाला जाऊन आली आहेत, त्यांना हातातल्या चमकत्या पट्ट्यांची सवय असते. पट्टी नसतानाही मैदान एक होऊ शकते हे त्यांनी इथे पाहावे.

शेवटची दोन, आणि एक सावधगिरी

'द शो मस्ट गो ऑन' लावण्यापूर्वी त्यामागची कथा सांगू नये. आधी सांगितली तर लोक आजार ऐकतात, आवाज ऐकत नाहीत. गाणे संपू द्यावे, त्यातली वरच्या पट्टीतली जागा कानांत असू द्यावी आणि मग सांगावे की, हे गाताना मर्क्युरी एड्सने खंगत चालला होता; गाण्याचा मोठा भाग रचणाऱ्या ब्रायन मेला, इतक्या वरच्या सुरांपर्यंत तो पोहोचेल का, अशी शंका होती; आणि मे यांच्याच सांगण्यानुसार मर्क्युरीने व्होडकाचा घोट घेतला आणि ते गाऊन टाकले. गाणे १९९१ मध्ये 'इन्युएन्डो' या अल्बमवर आले. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. आपल्या श्रोत्यांपैकी कोणाच्या घरी अलीकडे दुखवटा असेल तर हे गाणे सरळ गाळावे. उभारी जबरदस्तीने देता येत नाही.

ब्रायन मेबद्दलची एक गोष्ट इथे सांगितली तर वातावरण हलके होते. बँडसाठी त्याने खगोलभौतिकीची पीएच.डी. अर्धी सोडली होती आणि वडिलांना ते रुचले नव्हते. तीसहून अधिक वर्षांनी, २००७ मध्ये, त्याने ती लंडनच्या इम्पिरियल कॉलेजातून पूर्ण केली. आमच्या टूलरूमवाल्या काकांनी यावर फक्त "गिटार बापानं करून दिली होती ना," एवढेच म्हटले.

शेवट 'दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज'ने करावा, आणि हे गाणे चित्रफितीसहच दाखवावे. टेलरने लिहिलेले हे शांत गाणे गेलेल्या दिवसांबद्दल आहे. चित्रण मे १९९१ मधले, कृष्णधवल. मर्क्युरीने कॅमेऱ्यासमोर गायिलेले हे शेवटचेच. तो अतिशय कृश दिसतो आणि फारसा हलत नाही. अखेरीस तो थेट कॅमेऱ्याकडे पाहतो, चार शब्द जवळजवळ कुजबुजतो आणि चौकटीबाहेर जातो. ते चार शब्द काय आहेत हे आधी सांगू नये. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनाही ते कळतात, हे मी मावशींच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. पंखा या गाण्यालाही बंद ठेवावा. दिवा लगेच लावू नये, आणि एक चित्रफीत संपली की दुसरी आपोआप सुरू होण्याची जी सोय असते, ती बैठकीपूर्वीच बंद करून ठेवावी.